फळांचा तक्ता उतरवा, फळ लेकरांच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वरुड तालुक्यात संत्र्याच्या आंबिया बहाराचा (हिवाळ्याच्या शेवटी फुललेल्या पिकाचा) तोडा आटोपत आला आहे, आणि याच दिवसांत गावोगावच्या एसटी थांब्यांवर कॉन्व्हेंटच्या प्रवेशाच्या पाट्या चढायला लागतात. नर्सरी, केजी वन, केजी टू, गाडीची सोय, इंग्लिश स्पीकिंग. मी अंगणवाडी सेविका आहे. पाट्या लागल्या की लेकराला सोडायला आलेल्या आया दाराशी जरा घुटमळतात. मग एखादी बोलतेच, "ताई, तुमी लेकराले जीव लावता, खाऊ-पिऊ घालता, सारं खरं हाय. पण इंग्रजी कुठी होते तुमच्या इथं? मंग आमचं पोट्टं पहिलीत मांगं राह्यते ना."

या मायमाउलीच्या बोलण्याचं मला वाईट वाटत नाही. तिचा प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे सहाव्या वर्षी लेकराची इंग्रजीशी गाठ पडणारच. त्याआधी त्याच्या कानावरून चार शब्द गेलेले असावेत, असं रोजमजुरीला जाणाऱ्या आईला वाटलं तर त्यात चूक काय? पण ते चार शब्द लेकराच्या तोंडी कसे बसतात, याचा विचार नीट कोणी करत नाही. आणि त्यासाठी लागणारं साहित्य आमच्या भागात वावरात, बांधावर, परसात फांदीला लटकलेलं आहे. म्हणून हे पत्र.

फळांतून इंग्रजी म्हटलं की सगळ्यांना तक्ता आठवतो. प्लास्टिकचा, चकचकीत, आठवडी बाजारात वह्या-पेनांच्या दुकानावर टांगलेला. वर 'फ्रूट्स', खाली चौकटी: अ‍ॅपल, चेरी, किवी, पीच, पेअर, स्ट्रॉबेरी. यातली बरीच फळं आमच्या लेकरांनी कधी पाहिलेली नाहीत. स्ट्रॉबेरी तर आमच्याच जिल्ह्यात, चिखलदऱ्याला पिकते, पण आमच्या गावच्या हातगाडीवर ती येत नाही. सफरचंद ओळखीचं आहे, पण कसं? घरातलं कोणी दवाखान्यात भरती झालं की भेटायला जाणारा माणूस पिशवीत सेब घेऊन जातो. आमच्या लेकरांसाठी ते दुखण्याचं फळ. आणि इंग्रजीचा श्रीगणेशा आपण त्याच फळापासून करतो.

तक्त्यावरचा संत्रासुद्धा आमचा नसतो. गोल गरगरीत, गुळगुळीत, घट्ट सालीचा. आमच्या पोरांना तो दाखवला तर ती बिनदिक्कत "मोसंबी" म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची ख्याती देशाबाहेर गेली, आणि ज्या तालुक्यात तो पिकतो तिथल्या बालकांना शिकवायच्या चित्रात मात्र तो नाही.

शेजारचं एक लेकरू कॉन्व्हेंटला जातं. चार-साडेचार वर्षांचा पोरगा, चलाख. एका संध्याकाळी त्याच्या आजीनं कौतुकानं त्याला माझ्यापुढं उभं केलं. भिंतीवर तक्ता होताच. पोरानं पहिल्या चौकटीपासून शेवटच्या चौकटीपर्यंत एका दमात सगळी नावं म्हटली. आजी हरखून गेली. मी मधेच अननसावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय रे बाबू?" तो थांबला. बोटाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि मग पहिल्यापासून सुरू झाला, अ‍ॅपल, बनाना, चेरी... एकेक चौकट ओलांडत अननसापर्यंत पोचायला. त्याला नावांची ओळ पाठ होती. कोणतं नाव कोणत्या फळाचं, हे ओळ म्हटल्याशिवाय सापडत नव्हतं. लेकराचा यात काडीचाही दोष नाही. जे दिलं ते त्यानं मन लावून पाठ केलं. त्याच्याच आजीच्या अंगणात पेरूचं झाड आहे, खारींनी कुरतडलेले पेरू खाली पडलेले असतात. पेरू तक्त्यावर नव्हता, म्हणून 'गुआव्हा' त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं.

आता आमच्याकडं कसं चालतं ते सांगते. संत्र्याची प्रतवारी करताना जी बारकी फळं निघतात त्यांना इकडं चुरी म्हणतात. तिला भाव नाही. बांगलादेशानं आयात शुल्क वाढवलं तेव्हापासून चांगल्या मालाचेच हाल आहेत, चुरीला कोण विचारतो? पण लेकराच्या मुठीला चुरीच बेताची. तोडा चालू असला की गावातले बागाईतदार एखादं टोपलं आनंदानं देतात.

धुतलेली चुरी प्रत्येकाच्या हातात एकेक. सगळे ओसरीत सतरंजीवर गोल बसलेले. सुरुवातीला इंग्रजी अजिबात नाही. फळ हातात घोळवा, नाकाला लावा, कोणाच्या घरी बाग आहे ते सांगा. सगळं वऱ्हाडीत. एकाचा आबा ओलीत करायला रात्री जातो, एकीच्या मामाकडं झाडं वाळली म्हणून काढून टाकली, हे सगळं निघतं, आणि ते निघू द्यायचं. मग मी माझा संत्रा वर धरते आणि म्हणते, "ऑरेंज." पुन्हा एकदा, "धिस इज अ‍ॅन ऑरेंज." त्यानंतर हाताच्या खुणेनं, "स्मेल द ऑरेंज." मी वास घेते, तेही घेतात. "पुट इट डाउन." मी खाली ठेवते, तेही ठेवतात. "गिव्ह मी द ऑरेंज." हात पुढं केला की मराठीत अर्थ सांगावा लागत नाही. पोरांनी बोललंच पाहिजे अशी घाई मी करत नाही. ऐकून केलं, एवढं पहिल्या दिवशी पुष्कळ. माझी मुलगी डी.एल.एड. ही शिक्षकाची पदविका करते. तिच्या पुस्तकात हीच रीत सापडली: आज्ञा ऐकायची, अंगानं करायची, बोलणं मागाहून आपसूक येतं. अमेरिकेतल्या जेम्स अ‍ॅशर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ती मांडली.

मग येतं "पील". नागपुरी संत्र्याची साल सैल असते. देठाकडच्या बाजूला अंगठा रुतवला की चार वर्षांच्या लेकरालाही ती सुटते. पण जोर लावावा लागतो. ओठ मुडपलेले, भुवया वर, अंगठा आत, आणि तोंडानं "पील... पील..." सालीचा फवारा शेजारच्याच्या डोळ्यात जातो, तो रडतो, मदतनीस डोळा धुऊन देते, तो परत येऊन सोलायला बसतो. ओसरीभर वास. अशा वेळी कानावर गेलेला शब्द कुठं जातो ते सांगते. पुढं काही दिवसांनी एक मुलगी आजीशेजारी बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होती आणि स्वतःशीच म्हणत होती, "पील, पील." तिला शेंगेसाठी तो शब्द कोणी दिला नव्हता. संत्र्यावरून तो तिनं स्वतः उचलून शेंगेवर लावला. शब्द आला की नाही हे मी यावरून ओळखते. तक्ता किती वेळात म्हणून झाला, यावरून ते कळत नाही.

फोडी मोजायच्या असतात तेव्हा तर बघण्यासारखं असतं. एकाच्या संत्र्यात नऊ निघतात, दुसऱ्याच्या अकरा. "माह्या जास्त हाय!" "खोटं! मोज बरं!" मग पुन्हा "वन, टू, थ्री", यावेळी बोट प्रत्येक फोडीवर ठेवून, कारण आता आकड्यावर काहीतरी अवलंबून आहे. चुरी बहुधा आंबट. "सावर" हा शब्द मला कधीच दुसऱ्यांदा शिकवावा लागत नाही, तो पोरांचं तोंडच शिकवतं. "स्वीट" ज्याच्या वाट्याला येतं तो गावभर सांगतो. शेवटी "वन फॉर यू, वन फॉर मी", एक फोड शेजाऱ्याला. बिया वाटीत, साली टोपल्यात. "इन द बाउल, इन द बास्केट." एका चुरीत नाव, रंग, वास, चव, आकडे, देणं-घेणं, आत-बाहेर, एवढं सगळं येतं. फळाचं नाव त्यातला सगळ्यात छोटा भाग आहे.

तोड्याच्या दिवसांत मेळघाटातून कोरकू मजुरांची कुटुंबं आमच्या भागात येतात. त्यांची लेकरं काही आठवडे आमच्याकडं बसतात. त्यांना घरची भाषा कोरकू, आमची मराठी नवी, आणि त्यावर आपण इंग्रजी आणणार. अशीच एक मुलगी आली होती. कोपऱ्यात बसायची, नाव विचारलं तरी मान खाली. चित्रं दाखवली की भिंतीकडं बघायची. संत्र्याच्या दिवशी "पील" म्हणताच तिनं सगळ्यांच्या आधी साल काढली, तीही अख्खी, एका तुकड्यात, आणि ती साल पुन्हा गोल मिटवून बाजूला ठेवली. तिचे आईवडील दिवसभर झाडाखाली, तिचा हात फळाला सरावलेला. बाकीची पोरं तिच्याभोवती गोळा झाली. "कशी काढली? मले दाखव." त्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली. संत्र्याला तिच्या भाषेत काय म्हणतात ते सांगितलं. सगळ्या पोरांनी तोही शब्द म्हटला, मग मराठी, मग इंग्रजी. जिथं फळ हातात असतं तिथं कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात, कोणाच्या बापाकडं फीचे पैसे आहेत, यानं फरक पडत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून एवढ्या आग्रहानं लिहिते.

ही काही मी काढलेली नवी गोष्ट नव्हे. बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाडला आदिवासी लेकरांसाठी काम केलं, लेकरं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. इटलीतल्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसोरीची साधनं महाग, म्हणून गावात मिळेल त्या वस्तूंतून शिकवलं. मॉन्टेसोरीच्या पद्धतीत शब्द शिकवायच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली, "हा संत्रा." दुसरी, "यातला संत्रा कोणता, दाखव." तिसरी, "हे काय आहे?" घोळ कुठं होतो तर आपण पहिलीवरून थेट तिसरीवर उडी मारतो. दुसऱ्या पायरीवर लेकराला बोलावं लागत नाही, फक्त ओळखायचं असतं, आणि खरं शिकणं तिथंच मुरतं. तिथं दिवसच्या दिवस रेंगाळायला हवं. माझ्यापुढं टोपलीत संत्रा, पेरू, लिंबू, केळं असतं. "शो मी द लेमन." चुकलं तर मी "नाही" म्हणत नाही, ते फळ हातात घेऊन त्याचं नाव सांगते आणि पुढं जाते. तक्ता म्हणवून घेण्यात ही दुसरी पायरीच गळून पडते. शेजारच्या त्या पोराचं अननसापाशी अडलं ते यामुळं.

काही वाचक म्हणतील, अंगणवाडीत इंग्रजी कशाला, आधी मराठी तर येऊ द्या. त्यांच्या काळजीत मी सहभागी आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा शिकवण्यावरून राज्यभर वादळ उठलं आणि जूनअखेर शासनाला ते निर्णय मागं घ्यावे लागले, तेव्हा आमच्या गावच्या पारावरही हीच चर्चा होती. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, तिनंही हातानं काम करत शिकण्याचा आणि मातृभाषेतून शिक्षण देण्याचा आग्रह धरला. मी तो मानते. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातही घरची भाषा हेच शिकवण्याचं माध्यम, दुसरी भाषा आधी कानानं आणि तोंडानं, असंच आहे. म्हणून आमच्याकडं गप्पा, गोष्टी, भांडणं, समजूत सगळं मराठीत. साल, फोड, गर, शिरा, बी, देठ हे शब्द लेकराला आधी मराठीत यायला हवेत. "ऑरेंज" म्हणणारं आणि "फोड" न कळणारं लेकरू मला नको आहे. आणि लिहिणं तर नाहीच. तीन-चार वर्षांच्या बोटांना एबीसीडी गिरवायला लावू नका, अशी मी आयांना हात जोडून विनंती करते. ती बोटं अजून साल सोलून, बी काढून, दाणे टिपून तयार व्हायची आहेत.

संत्र्याचे दिवस सरले की मग काय करायचं, असं मला आमच्याच एका सेविका ताईनं विचारलं होतं. झाडं वर्षभर काही ना काही देतच असतात. दिवाळीच्या आगेमागे सीताफळ येतं. ते झाडावरून काढलं की दगडासारखं टणक. आम्ही ते अंगणवाडीत पेंढ्यात घालून ठेवतो. रोज सकाळी आल्या आल्या पोरांची पहिली धाव तिकडं. एकेकानं अंगठ्यानं हळूच दाबून बघायचं आणि सांगायचं, "हार्ड." दुसऱ्या दिवशीही "हार्ड." आणि मग एका सकाळी एखादं ओरडतं, "सॉफ्ट! ताई, सॉफ्ट!" सगळी झुंबड पेंढ्याभोवती. दोन शब्द, पण ते शिकायला तीन-चार दिवसांची उत्सुकता लागलेली असते, म्हणून ते जात नाहीत. जूनमध्ये जांभळं आली की "शो मी युअर टंग", आणि प्रत्येकाची जीभ "पर्पल". महाशिवरात्रीला कवठ दगडावर आपटून "ब्रेक". उन्हाळ्यात नदीच्या वाळूतल्या वाड्यांवरचं टरबूज, "बिग" आणि "हेवी", दोघांनी मिळून उचलायचं.

आणि बोरं. येत्या संक्रांतीनंतर घरोघरी लहानग्यांची बोरन्हाणं होतील. अंगणवाडीतही आम्ही करतो. डोक्यावरून बोरं, मुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, उसाचे तुकडे ओततात, आणि पोरं वेचायला धावतात. "मेनी" आणि "फ्यू" यासाठी यापेक्षा चांगला दिवस नाही. बोराचं इंग्रजी नाव काय, असं आया विचारतात. पुस्तकात एक नाव आहे, पण ते पाठ करून लेकराला काही उपयोग नाही, बोराला बोरच म्हणू द्या. "बिग बोर, स्मॉल बोर, रेड बोर, ग्रीन बोर" यात लेकरू बोलायला शिकतं. अवघड नावासाठी त्याला अडवलं की ते गप्प बसतं.

ज्यांना हे घरी किंवा शाळेत करायचं आहे त्यांना काही गोष्टी कळकळीनं सांगते. तीन-चार वर्षांच्या लेकराला अख्खं द्राक्ष देऊ नका, उभं चिरून चार फाका करा. गोल गुळगुळीत फळ घशात अडकतं आणि मग काही करायला वेळ मिळत नाही. लहानग्यांना बोर बी काढूनच द्यावं, बोरन्हाणात वेचलेली बोरं आधी मोठ्या माणसाच्या हाती जावीत. खाताना पळू देऊ नका, हसवू नका. सीताफळाच्या बिया मोजून लगेच उचलून ठेवा. त्या बियांचं चूर्ण डोळ्यात गेलं तर डोळ्याला मोठी इजा होते, त्यामुळं बिया ठेचून खेळणं अजिबात नको. बागेतलं फळ वाहत्या पाण्यात चोळून धुतल्याशिवाय हातात देऊ नका, कारण ते सोलायच्या आधी तोंडात जातंच.

आता पैशाचं. तीन ते सहा वर्षांच्या लेकराला अंगणवाडीत रोज ठरावीक उष्मांक आणि प्रथिनं मिळतील असा पूरक आहार द्यायचा असतो. त्यासाठी २०१७ साली दर ठरला तो एका लेकरामागे दिवसाला ८ रुपये. त्या आठ रुपयांत खिचडी-उसळ भागवताना बचत गटाच्या बायांची काय ओढाताण होते ते मी रोज बघते. फळ त्यात कुठून बसणार? आदिवासी भागात डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून लेकरांना अंडी किंवा केळी मिळतात. म्हणजे धारणी-चिखलदऱ्याच्या अंगणवाड्यांत जिथं केळी पोचतात, तिथं हा पाठ उद्या सकाळपासून घेता येईल, वेगळा पैसा लागणार नाही. "पील", "हाफ", "यलो", "गिव्ह", सगळं केळ्यात आहे. शाळेतल्या मुलांसाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळं किंवा स्थानिक फळ, असा निर्णय झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा असं सांगितलं. मला याचं फार दुःख वाटतं. ज्या दिवशी फळ ताटात असतं त्या दिवशी लेकरू घरून ओढून आणावं लागत नाही.

२०२३ पासून आम्हाला 'पोषण भी पढाई भी' असं सांगितलं जातं. ते मला मनापासून पटतं. पोषण आणि शिक्षण एकाच क्षणी जिथं होतं अशी गोष्ट शोधायची तर ती फळ आहे. म्हणून महिला व बालविकास विभागाला माझी विनंती आहे की आठवड्यातून एक दिवस स्थानिक, हंगामी फळासाठी वेगळी तरतूद करावी. कोकणात करवंद असेल, खानदेशात केळं, भंडारा-गोंदियाच्या तलावांकडं शिंगाडा, आमच्याकडं संत्रा. सगळीकडं एकच फळ पाठवायचा ठेका मात्र काढू नका, नाहीतर पुन्हा वरुडच्या अंगणवाडीत सफरचंद येऊन पडेल. प्रशिक्षणात आम्हाला तक्ते रंगवायला लावतात, त्यातला एक दिवस टोपलीभर फळं घेऊन बसवा. नव्या सेविका पोरी हुशार आहेत, त्यांना इंग्रजी बोलायचा धीर नाही, एवढंच. लेकरांपुढं "पील", "स्मेल", "गिव्ह मी" म्हणायला फाडफाड इंग्रजी लागत नाही. पर्यवेक्षिका ताईंनीही भेटीला आल्यावर भिंतीवर इंग्रजी तक्ता आहे का, हे बघण्याऐवजी एखादं फळ पुढं ठेवून लेकरांशी बोलून बघावं.

कॉन्व्हेंट चालवणाऱ्यांशी माझं भांडण नाही. तिथं शिकवणाऱ्या पोरीही आमच्याच गावच्या, थोड्या पगारावर राबणाऱ्या. त्यांनाही हेच सांगणं आहे. आठवड्यातून एकदा तक्ता गुंडाळून ठेवा आणि ज्याच्या घरी जे पिकलं असेल ते आणायला सांगा.

आणि वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या बागाईतदार दादांना विनंती. तोडा अजून पूर्ण झालेला नाही. चुरीचा जो ढीग बांधावर टाकून देता त्यातली एक पिशवी तुमच्या गावच्या अंगणवाडीत पोचवा. फवारणी नुकतीच झाली असेल तर नको, आणि कोळशी या काळ्या बुरशीनं काळी पडलेली फळं असतील तरी चालतील, आम्ही ती घासून धुऊन घेतो. मृग बहाराचा, म्हणजे पावसाळ्यात फुललेल्या पिकाचा, माल निघायला लागेल तेव्हाही आठवण ठेवा. सकाळी लेकरं जमलेली असतात तेव्हा आणलीत तर थोडा वेळ बसा. झाडाला फूल कधी येतं, फळ कधी धरतं, हे तुमच्या तोंडून त्यांना ऐकायचं असतं, आणि ते तुम्ही आपल्या भाषेतच सांगा.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. वरुड, जि. अमरावती